रिप्सालिसच्या फांद्या सुरकुतल्यात, पाणी वाढवू की बंद करू?

हिरवी_खिडकी (पुणे)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतीच वाचत असते, आज गाऱ्हाणं घेऊन आलेय.

उन्हाळ्याच्या आधी उरुळी कांचनच्या बाजूला एका नर्सरीतून एक लटकतं झाड आणलं. पाटी वगैरे काही नव्हती, तिथला माणूस म्हणाला कॅक्टसच आहे ताई, भरपूर ऊन द्या आणि आठवड्यातून एकदा पाणी, बास. नंतर कळलं की ते रिप्सालिस. काटे अजिबात नाहीत, पानं नाहीत, नुसत्या हिरव्या बारीक शेवयांसारख्या फांद्या खाली लोंबतात, दिसायला इतकं गोड की मी भाव पण केला नाही.

आधी पश्चिमेच्या बाल्कनीत ग्रिलला टांगलं होतं. एप्रिलमध्ये फांद्या लालसर पडायला लागल्या म्हणून हॉलमध्ये आणलं, टीव्हीच्या बाजूच्या कोपऱ्यात हुकला. पाऊस सुरू झाल्यापासून मात्र फांद्या बारीक झाल्यात, उभ्या सुरकुत्या पडल्यात, शेंडे मऊ लागतात आणि कुंडीच्या तोंडापाशी काही कांड्या पिवळ्या होऊन हात लावला की गळतात. सुरकुत्या दिसल्या म्हणून पाणी वाढवलं तर काही फरक नाही. सासूबाई म्हणतात रोज घोटभर घाल, नवरा म्हणतो कॅक्टसला पाणी म्हणजे विष. माती तीच आहे, नर्सरीतली लाल, वरून कोरडी दिसते. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी येतं, कुंडीच्या कडेला पांढरं साचलंय.

अजून एक, मांजर लोंबणाऱ्या फांद्यांशी खेळते आणि मधूनच चावते पण. विषारी आहे का हे?

गॅलरीतला_गडी

पाणी पूर्ण बंद करा. कॅक्टस आहे तो, वाळवंटातला प्राणी. निम्मी रेती मिसळा आणि परत बाल्कनीत उन्हात टांगा, आठ दिवसांत टवटवीत होईल. माझ्याकडचे सगळे कॅक्टस असेच आहेत, महिना महिना पाणी नसतं.

माती_कोळसा (नाशिक)

गडीसाहेब, तुमचे गोल काटेरी असतील त्यांना हे चालेल, याला नाही. रिप्सालिसचा आणि वाळवंटाचा काही संबंध नाही हो. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्याला जे दमट जंगल आहे ना, अटलांटिक फॉरेस्ट म्हणतात ते, तिथे यांच्या सगळ्यात जास्त जाती सापडतात. मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, जिथे खोबणीत पालापाचोळा कुजून साठतो, शेवाळ असतं, तिथे हे वाढतं आणि खाली लोंबतं. वरून झाडांची सावली, पाऊस नेहमीचा, पण मुळांशी पाणी साचून राहत नाही कारण मुळं जमिनीत नसतातच मुळी. म्हणजे आपलं ऑर्किड जसं झाडावर असतं तसाच प्रकार.

आता खिडकीताईंच्या झाडाबद्दल. सुरकुत्या पडल्या म्हणजे झाड तहानलेलं आहे हे बरोबर, पण तहानलेलं का आहे हे बघायला पाहिजे. दोन कारणं असतात आणि दोन्हीत फांद्या सारख्याच दिसतात. एक म्हणजे खरंच पाणी मिळालेलं नाही. दुसरं म्हणजे माती ओली आहे पण मुळं कुजली आहेत, मग पाणी ओढणार कोण? तुम्ही पाणी वाढवूनही फरक पडला नाही आणि बुडाशी पिवळं होऊन गळतंय, त्यावरून मला तरी दुसरंच वाटतंय. नुसती तहान असती तर भरपूर पाणी दिल्यावर दोन-चार दिवसांत फांद्या परत भरल्या असत्या.

वरच्या मातीवर जाऊ नका, लाल माती वरून पापुद्रा धरते आणि आत चिखल असतो. आइस्क्रीमची काडी किंवा अगरबत्तीची काडी बुडापर्यंत खुपसा आणि काढून बघा. काळी ओली निघाली की सरळ कुंडी आडवी करून झाड बाहेर काढा, भिऊ नका. चांगलं मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी असतं आणि हाताला ताठ लागतं. कुजलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून येते आणि आतला दोरा तेवढा हातात राहतो, वास पण येतो. काय निघतं ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.

आणि लाल झालेल्या फांद्यांनी झाड मरत नाही, ऊन जास्त झालं एवढंच. पश्चिमेचं दुपारचं ऊन पुण्यात एप्रिलमध्ये म्हणजे कहर. पण टीव्हीचा कोपरा हे दुसरं टोक झालं. अंधारात झाड पाणी वापरतच नाही, त्यात पावसाळ्याची हवा, माती सुकणार कधी?

देवगडची_पडवी

मी काय सांगते, आमच्याकडे हे झाड घरात नाहीच, चिकूच्या झाडावर आहे. माझ्या बहिणीने बेंगळुरूहून चार शेंडे आणले होते, मी नारळाच्या सोडणात खोचून चिकूच्या बेचक्यात सुतळीने बांधून टाकले. कोण पाणी घालतंय न कोण खत. पावसात नुसतं भिजत असतं चार महिने आणि तरी काही कुजत नाही, उलट मे महिन्यात जरा मलूल होतं तेव्हा येताजाता नळीने फवारते. आता इतकं लोंबतंय की खालून जाताना डोक्याला लागतं. त्यामुळे ज्यांना पाण्याची भीती वाटते त्यांना मला हसूच येतं, पाण्याने नाही मरत ते, चिखलाने मरतं.

गंमत म्हणजे शेजारच्या काकांनी बघितलं आणि आरडाओरडा केला, अगो हे बांडगूळ आहे, तोडून टाक, चिकू मारील. त्यांचं पण चुकलं नाही, फळं धरली की हुबेहूब बांडगुळासारखीच दिसतात, पांढरी, मोत्यासारखी, आरपार दिसणारी, आणि फोडलं की आत चिकट. पण बांडगूळ झाडात मुळं घुसवून रस ओढतं, हे तसं काही करत नाही, नुसतं बसतं झाडावर. बी मात्र तसंच पसरतं, पक्षी फळ खातात आणि चिकट बी फांदीला पुसतात.

माती_कोळसा (नाशिक)

अगदी बरोबर पडवीताई. आणि यात एक भन्नाट गोष्ट आहे. जगातले झाडून सगळे कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातले, उत्तर-दक्षिण मिळून. अपवाद फक्त हा एक, रिप्सालिस बॅक्सिफेरा. हा आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि आपल्या शेजारी श्रीलंकेच्या जंगलात पण आपसूक वाढलेला सापडतो. तिथे पोचला कसा यावर जाणकारांचं अजून एकमत नाही, कोणी म्हणतं पक्ष्यांच्या पोटातून समुद्र ओलांडला, कोणी म्हणतं जहाजांवरच्या माणसांनी नेला. मला स्वतःला पक्षीवालं जास्त आवडतं, पण आवडून काय उपयोग.

मनीची_आई (ठाणे)

मांजराचं मी सांगते. माझ्याकडे दोन बोके आहेत आणि रिप्सालिस पण आहे. हे झाड मांजर-कुत्र्यांना विषारी समजलं जात नाही. फार खाल्लं तर उलटी करेल, तशी ती गवत खाऊन पण करतातच. झाड वर टांगा, मांजरापेक्षा झाडाची काळजी जास्त वाटते मला.

पण एक खात्री करून घ्या की ते रिप्सालिसच आहे. कारण कुंपणाला लावतात तो शेर असतो ना, नर्सरीत पेन्सिल प्लांट म्हणून विकतात, लहान असताना कुंडीत तो पण असाच बिनपानांचा हिरव्या काड्यांचा दिसतो. एक शेंडा मोडून बघा. पांढरा चीक आला तर तो शेर, तो घरात मांजराजवळ अजिबात नको, चीक डोळ्यात गेला तर माणसाला सुद्धा दवाखाना गाठावा लागतो. रिप्सालिस मोडलं तर नुसतं पाण्यासारखं ओलसर लागतं. शेराच्या काड्या ताठ उभ्या वाढतात, लोंबत नाहीत, तो पण फरक आहे.

आमच्या आईने माझं झाड बघून विचारलं होतं की हाडं जुळायला देतात ती कांडवेल का गं ही. नाही, ती पण नाही, उगाच कोणी कुटून लावू नका.

चाळीतली_तुळस (दादर)

सगळे इतकं अवघड का करताय कळत नाही. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी ब्रह्मकमळ असणार. तेच ते, जे रात्री फुलतं आणि मग शेजारपाजारच्यांना बोलावून फोटो काढतात, पूजा करतात. ते पण झाडावर वाढणारं जंगली कॅक्टसच आहे, मेक्सिकोकडचं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आपण ज्याला पान म्हणतो ते पान नाहीच, चपटं झालेलं खोड आहे, म्हणून तर पान खोचलं की झाड येतं आणि कळी पण पानाच्या कडेलाच येते. आमच्या गॅलरीत ते तेलाच्या डब्यात आहे, डब्याला खाली भोकं, आत विटांचे तुकडे, पालापाचोळा आणि थोडी माती, सकाळचं दोन तास ऊन. पावसाळा आला की फुलतं. त्याला जे देता तेच रिप्सालिसला द्या, फक्त ऊन थोडं कमी. एवढंच आहे सगळं.

हिरवी_खिडकी (पुणे)

बापरे केवढी माहिती, सगळ्यांना धन्यवाद!! शेंडा मोडला, चीक नाही, म्हणजे रिप्सालिसच.

काल काडी खुपसली तर तळाला काळी ओली. मग पेपर पसरून झाड काढलं. कोळसादादा तुम्ही म्हणालात तस्संच निघालं. बाहेर सगळी लाल माती, ती विटेसारखी घट्ट, आणि ती फोडल्यावर आत अजून एक गोळा, कोकोपीटचा म्हणजे नारळाच्या भुशाचा, त्याला पातळ जाळी गुंडाळलेली. म्हणजे मूळ झाड त्या जाळीतल्या गोळ्यात होतं आणि नर्सरीत तसंच्या तसं लाल मातीत बसवलेलं. गोळा पिळला तर पाणी गळलं! बाहेरची माती कोरडी आणि आत स्पंज. मुळं बरीचशी काळी, ओढली की साल हातात. एका बाजूला जाळीतून बाहेर आलेली थोडी पांढरी मुळं आहेत ती ताठ वाटतात. वास कुबट.

आता काय करू? नवऱ्याला वाटतंय तो जिंकला आणि सासूबाईंना वाटतंय त्या.

माती_कोळसा (नाशिक)

दोघंही हरले असं सांगा :)

ती जाळी फार झाडांत निघते हल्ली. मोठ्या नर्सऱ्यांत रोपं त्या जाळीच्या प्लगमध्येच तयार करतात, तिथे शेडमध्ये मोजून पाणी असतं तेव्हा चालतं. नंतर इकडे लाल मातीत बसवली की आतलं कोकोपीट आणि बाहेरची माती वेगवेगळ्या वेगाने सुकतात आणि मुळं जाळीत अडकून बसतात. कुठलंही लटकतं झाड आणलं की पहिल्यांदा जाळी शोधायची आणि कात्रीने कापून काढायची.

आता असं करा. जाळी कापा, गोळा हलक्या हाताने मोकळा करा, काळी मुळं सगळी छाटा, बुडाशी जे पिवळं-मऊ आहे ते पण काढून टाका. पांढऱ्या मुळांवाला भाग वेगळा ठेवा. पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका, फांद्यांचे जे शेंडे अजून हिरवे आणि निबर आहेत ते दोन-तीन कांड्यांचे तुकडे करून घ्या, सांध्यावर पिळलं की अलगद सुटतात. काही फांद्यांना मधेच केसासारखी बारीक मुळं फुटलेली दिसतील, ते तुकडे पहिले निवडा. एक-दोन दिवस सावलीत पेपरवर पडू द्या म्हणजे जखम सुकते. मग जेमतेम ओलसर मिक्सवर टेकवा, एकच कांडं आत, खोल नाही. उभे राहत नसतील तर केसांच्या पिनेने दाबून धरा. साधारण दोन ते चार आठवड्यांत मूळ धरतात, तोवर भसाभस पाणी नाही. सगळे तुकडे एकाच कुंडीत लावा, एक एक वेगळा लावला तर झाड केविलवाणं दिसतं.

मिक्स माझं असं असतं, नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा पाइन बार्क निम्मं, बाकीच्यात थोडं पर्लाइट (पांढरे हलके दाणे), थोडा कोळशाचा चुरा आणि मूठभर चाळलेलं गांडूळखत. लाल माती शून्य. वरून पाणी ओतलं की काही सेकंदांत खालून आलं पाहिजे, नाही आलं तर मिक्स चुकलं. कुंडी लहान आणि उथळ घ्या, मुळं फार खोल जात नाहीत, मोठ्या कुंडीत नुसता ओलावा साठतो.

देवगडची_पडवी

सोडण वापरणार असाल तर आधी दोन-तीन पाण्यातून धुऊन घ्या हं, त्यात क्षार असतात. ताज्या सोडणाचं पाणी चहासारखं लाल येतं, ते फिकं होईपर्यंत भिजवायचं.

शेंडे_प्रेमी (बडोदा)

पाण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. कुंडीच्या कडेला पांढरं साचतंय ना, तो बोअरच्या जड पाण्यातला चुना आहे. ही झाडं पावसाच्या पाण्यावर आणि कुजलेल्या पाचोळ्यावर वाढलेली, त्यांना किंचित आम्ल लागतं. जड पाणी घालत राहिलं की हळूहळू मिक्स अल्कधर्मी होतं आणि मग लोह असूनही झाडाला घेता येत नाही, नवीन वाढ पिवळट येते. आत्ता पुण्यात पाऊस चालूच आहे तर बादली ठेवा आणि कॅन भरून ठेवा. तेवढं जमलं नाही तर महिन्यातून एकदा तरी पावसाचं नाहीतर आरओचं साधं पाणी भरपूर ओतून क्षार धुऊन काढा.

स्प्रे बाटलीने रोज फुस्स फुस्स करणाऱ्यांनाही सांगणं आहे, त्याने पाच मिनिटांत सगळं उडून जातं, मुळांना काही मिळत नाही. त्यापेक्षा मिक्स वरून बोटाच्या एका पेराइतकं सुकलं की कुंडी बेसिनमध्ये धरून भरपूर पाणी द्यायचं आणि निथळून परत टांगायचं. उन्हाळ्यात हे आठवड्यातून दोनदा होईल, पावसाळ्यात दहा-बारा दिवसांनी, तारखेवर जायचं नाही.

खत एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही सारखंच), लिटरला अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा बास. शेणाची स्लरी नका घालू, घरात वास तर येतोच आणि मिक्स बसून घट्ट होतं.

हिरवी_खिडकी (पुणे)

तुकडे केले, पेपरवर सुकत ठेवलेत. करताना सांध्यात दोन ठिकाणी कापसासारखं पांढरं दिसलं. ते मुळं फुटतायत का किडे आहेत? आणि याला फुलं येतात का हो? मैत्रिणीकडे याच जातीतलं काहीतरी आहे त्याला गुलाबी मोठी फुलं येतात म्हणे, खेकड्यासारख्या फांद्या असतात.

मनीची_आई (ठाणे)

कापूस म्हणजे मिलीबग, पिठ्या ढेकूण. मुळं फुटली तर बारीक केस दिसतात, कापूस नाही. नखाने किंवा ओल्या कापडाने पुसून निघतो का बघा, गुलाबीसर घाण लागली तर किडाच. इअरबडला सॅनिटायझर लावून एक एक टिपा, कोविडपासूनचं पडलेलं असेलच घरात, अल्कोहोलवालं पाहिजे पण, जेलवालं नको. मग संध्याकाळी नीम ऑइल, लिटरला पाच मिली, दोन थेंब भांड्याचं लिक्विड टाकून फवारा, आठवड्याने परत. एका वेळेत जात नाहीत ते, अंडी राहतात. तोवर बाकी झाडांपासून लांब ठेवा, ब्रह्मकमळ असेल तर त्याच्यापासून तर नक्कीच, दोघांवर तोच किडा जातो.

थंडीतली_जुई (न्यू जर्सी)

मैत्रिणीचं ते ख्रिसमस कॅक्टस. इथे थँक्सगिव्हिंगच्या सुमारास प्रत्येक दुकानात ढीग असतात त्यांचे, त्यातले बहुतेक खरं तर टोकदार कडांचे असतात, शास्त्रीय नाव श्लुम्बर्गेरा ट्रंकाटा. हे पण ब्राझीलचंच, रिओ जवळच्या डोंगरातलं, आणि तिकडे ते मे महिन्यात फुलतं कारण त्यांची थंडी तेव्हा सुरू होते. फुलायचं गणित सगळं लांब रात्रींचं आणि गारव्याचं आहे. साधारण सहा आठवडे रोज बारा-चौदा तास पूर्ण काळोख आणि रात्री गारवा मिळाला की कळ्या धरतं. मी सप्टेंबरअखेर न वापरत्या खोलीत ठेवते जिथे संध्याकाळनंतर कोणी दिवा लावत नाही. हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली ठेवून वर्षानुवर्षं फूल नाही म्हणणारे खूप भेटतात. पुण्यात नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री छान गार असतात, बाल्कनीत जमेल तुम्हाला, मुंबईत मात्र माझ्या आईकडे अजून एकही कळी आलेली नाही. कळ्या आल्यावर जागा बदलू नका, लगेच गाळतं.

रिप्सालिसची फुलं म्हणाल तर नखाएवढीच, पांढरी, फांदीला चिकटून येतात, लक्ष नसेल तर दिसत पण नाहीत. त्याच्यात खरी मजा फळांचीच, एकटं झाड असलं तरी बॅक्सिफेरा फळं धरतं.

गॅलरीतला_गडी

मला गुलाबी फुलांचं, उंदराच्या शेपटीसारखं लोंबणारं माहिती होतं, ते पण असंच का? माझ्याकडे आहे आणि कडक उन्हात मस्त आहे.

माती_कोळसा (नाशिक)

हो, रॅट टेल, ते मेक्सिकोचं, तिथे खडकांवर आणि झाडांवर दोन्हीकडे लोंबतं. त्याला रिप्सालिसपेक्षा बरंच जास्त ऊन चालतं, फुलायला तर लागतंच, आणि हिवाळ्यात थोडं कोरडं ठेवलेलं आवडतं. म्हणजे तुमच्या पद्धतीला तेच योग्य. पण त्याला पण रेतीत नका कोंबू, आणि मे महिन्यात महिनाभर पाण्याविना ठेवू नका हो, गरीब बिचारं.

खिडकीताई, जागेचं राहिलं. पूर्वेची खिडकी असेल तर तिथेच टांगा, काचेपासून हात-दोन हातात, टीव्हीचा कोपरा विसरा. सकाळचं कोवळं ऊन चालेल.

हिरवी_खिडकी (पुणे)

बेडरूमची खिडकी पूर्वेची आहे, तिथे हुक ठोकून घेते. मिलीबगच होते, गुलाबी निघालं, ईईई. स्वच्छ तुकडे वेगळे काढलेत, सोडण भिजत घातलंय. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या फुलांच्या प्रदर्शनात अजून जाती मिळतील का बघणार आहे, ती केसाळ फांद्यांची एक असते ना?

शेंडे_प्रेमी (बडोदा)

पिलोकार्पा. प्रदर्शनाची वाट कशाला बघता, माझ्याकडे आहे, पाठवतो चार शेंडे. फक्त पाऊस थोडा उघडू दे, आत्ता कुरिअरमध्ये कुजतील. तुमच्याकडून कोणाला कधी पाठवायचे झाले तर कोरडे करून पेपरात गुंडाळा आणि खोक्याला भोकं पाडा, प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. पत्ता इथे टाकू नका, मेसेज करा.